मातृभाषेचा रकाना

फॉर्म भरणं हा काय शिकवायचा विषय आहे का, असं आमचे हेडसर मला दर वर्षी विचारायचे. दर वर्षी माझं उत्तर एकच : तुमच्या घरात तीन पिढ्या फॉर्म भरतायत, म्हणून तुम्हाला तो विषय वाटत नाही. यावर ते चष्मा काढून पुसायला लागायचे. हेडसरांनी चष्मा पुसायला घेतला की बोलणं संपलं, हे साऱ्या शाळेला ठाऊक होतं. मी मात्र पुसून होईपर्यंत तिथेच उभा राहायचो आणि मग वर्गाची किल्ली मागायचो. किल्ली त्यांनी कधी नाकारली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

एकोणीसशे साठचं दशक नुकतं लागलं होतं. आज ज्या पट्ट्याला नवी मुंबई म्हणतात तिथे तेव्हा मिठागरं होती, भाताची खाचरं होती आणि खाडीच्या कडेकडेनं आगऱ्यांची नि कोळ्यांची गावं. पावणे गावाकडे कारखान्यांसाठी जमिनी मोजायला माणसं येऊ लागली होती. मॅट्रिक झालेला पोरगा कारखान्यात चिकटेल, एवढंच काय ते नवं स्वप्न गावात शिरलं होतं. कॉलेज ही खाडीपलीकडची गोष्ट होती. कॉलेज बरोबर समोर, मुंबईत, आणि तरी त्याचं नाव काढलं की लोक असे बघायचे, जणू मी पोरांना विलायतेला धाडायला निघालोय.

अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर संपायची आणि निकाल पावसाच्या आसपास लागायचा. मधल्या दिवसांत पोरं मिठागरात बापाच्या हाताखाली राबायची. त्याच दिवसांत मी आठवड्यातून तीन सकाळी शाळा उघडून बसायचो. पोरांनी त्याला नाव दिलं होतं 'फारमाचा वर्ग'. मुंबईतल्या कॉलेजांचे अर्ज मी ओळखीपाळखीतून मिळवायचो, जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर हातानं त्यांच्या नकला काढायचो आणि पोरांकडून त्या पेन्सिलीनं भरून घ्यायचो. मी लाल रेघा मारायच्या, त्यांनी खोडून पुन्हा भरायचं. 'कायमचा पत्ता' या रकान्यात एकानं लिहिलं होतं, 'कायमचा नाही, दर पावसात एक भिंत पडते.' मी त्याच्यावर ओरडलो आणि वर्गाबाहेर जाऊन पोट धरून हसलो.

फॉर्म ही अर्धी गोष्ट झाली. उरलेला अर्धा वर्ग जिभेचा. कॉलेजात कुणी चार प्रश्न विचारले तर या पोरांनी तोंड उघडताच हसं होणार, हे मला पक्कं माहीत होतं. आमच्या पट्ट्यात ण नाही, ळ नाही. पाणी नाही, पानी. कोण नाही, कोन. शाळा नाही, शाला. आहे नाही, हाय. मी पोरांना ओळीत उभं करायचो आणि 'बाण, कोण, पाणी, लोणी' असं म्हणून घ्यायचो. ज्याचा ण घसरला त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. एकाचा ण काही केल्या टाळूला लागेना तेव्हा मी त्याला उन्हात अंगणात उभं केलं होतं. आज ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

पण तेव्हा मला वाटायचं, मी यांना चिलखत घालतोय. कारण बिनचिलखताचं जाणं म्हणजे काय ते मी भोगलं होतं. मी त्याच पट्ट्यातला, आगऱ्याचाच. आठव्या वर्षी मला गिरगावात मामाकडे शिकायला ठेवलं. पहिल्याच दिवशी मी मास्तरांना 'पानी' प्यायला जाऊ का म्हणून विचारलं, आणि त्या दिवसापासून मॅट्रिक होईपर्यंत वर्गात माझं नाव 'पानी' पडलं. मी ती भाषा स्वतःच्या तोंडातून उपटून काढली. कॉलेजात जाईपर्यंत माझ्या बोलण्यावरून मी कुठला ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. त्यात माझं आडनाव असं, की कुठल्याही जातीत खपून जावं. शाळेत लागलो तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी मला आपल्यातलाच धरलं. कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. हे वाक्य मी बरीच वर्षं स्वतःला ऐकवत होतो.

त्या वर्षी अकरावीत चार मुली होत्या. तिघींची लग्नं ठरलेली. चौथी करावे गावाच्या बाजूनं मिठागराच्या बांधावरून चालत यायची. बाप मिठागरात कामाला, आई खाडीची कोळंबी आणि चिखलातले निवटे मासे टोपलीत घेऊन बाजारात बसायची. ही मुलगी काळी, काटकुळी आणि भयंकर चिवट. कुठलीही गोष्ट 'का' विचारल्याशिवाय मानायची नाही. भूमितीतल्या प्रमेयाला 'का' विचारलेलं शिक्षकांना आवडतं, बाकी कशालाही विचारलेलं आवडत नाही. मीही त्याला अपवाद नव्हतो. पण ती हुशार होती, आणि तिला पुढे शिकायचं होतं. तिच्या बापानं एक सोपा सौदा केला होता. कॉलेजनं घेतली तर जा, मी अडवणार नाही. नाही घेतली तर तुळशीचं लग्न झालं की तुझं. मुलगाही बघून ठेवला होता, मिठागरातलाच. त्यामुळे तिचा फॉर्म हा इतरांसारखा फॉर्म नव्हता. नुसता एक कागद, पण तो परत आला असता तर तिचं सगळं आयुष्य ठरून जाणार होतं.

अर्ज इंग्रजीत असायचे. एकेक रकाना मी फळ्यावर लिहायचो आणि मराठीत समजावायचो. 'मदर टंग' आला. मी म्हटलं, "मदर म्हणजे आई. टंग म्हणजे जीभ."

मागून एकजण म्हणाला, "माज्या आयची जीब लय तिकाट हाय, सर."

वर्ग खो खो हसला. मी फळ्यावर डस्टर आपटलं आणि म्हणालो, "मातृभाषा. समास सोडवा." करावे गावची ती मुलगी उठली. "मातेची भाषा ती मातृभाषा. षष्ठी तत्पुरुष." मी म्हटलं, शाबास, बस. पुढच्या रकान्याकडे वळलो. सगळ्यांनी तिथे मराठी लिहायचं, हे सांगायचं मला सुचलंच नाही. ते कुणाला सांगावं लागतं का?

निकाल लागला. ती चांगल्या मार्कांनी पास झाली. मी तिचा अर्ज घेऊन हेडसरांकडे शिक्क्यासाठी गेलो. त्यांनी अर्ज उलटसुलट केला. माणूस देशावरचा, सरळ, आपल्या मतांबद्दल कधी शंका न आलेला. म्हणाले, "खाडीतली पोरं ही. कॉलेजात जाऊन करणार काय? बुडतील."

"साहेब, पोहायला येतं त्यांना," मी म्हटलं. "बुडायची भीती तुमच्या-माझ्यासारख्यांना."

'तुमच्या-माझ्यासारख्यांना.' बघा कसं सहज आलं तोंडात. त्यांनी शिक्का मारला आणि चष्मा पुसायला घेतला. अर्जावरचे मार्क, जन्मतारीख, स्पेलिंगं मी तीन-तीनदा तपासली होती. शाईनं भरलेला तो एक रकाना मी वाचला नव्हता. जिथे चूक होऊच शकत नाही तिथे आपण कुठे बघतो?

आठवड्याभरात अर्ज परत आला. कॉलेजच्या कारकुनानं एका रकान्याखाली लाल पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या होत्या आणि सोबत चिठ्ठी जोडली होती : शाळेच्या दाखल्यावर प्रथम भाषा मराठी, अर्जात मातृभाषा वेगळी, तफावत आहे. पालकासह सोमवारी हजर राहून दुरुस्ती करावी, मुख्याध्यापकांचं पत्र आणावं, अन्यथा अर्ज रद्द समजण्यात येईल. रकान्यात तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं 'आगरी'.

पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं होतं, त्यामुळे ते आधी हेडसरांनी फोडलं. मधल्या सुट्टीत त्यांनी शिक्षकांच्या खोलीत ते मोठ्यानं वाचून दाखवलं. "आगरी! ऐकलंत का? मातृभाषा आगरी. उद्या कोणी लिहील, मातृभाषा बोंबील." चहाचे कप हातात घेऊन सगळे हसले. चित्रकलेचे मास्तर तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मीही हसलो. हे मला टाळून पुढे जाता आलं असतं. इतकी वर्षं झाली, विचारणारं कुणी उरलं नाही. पण मी हसलो, आणि नुसतं दाखवायला हसलो नाही. मला ते खरंच हसू आलं होतं.

हेडसरांनी तोडगा काढला, आणि त्यांच्या बाजूनं तो रास्तच होता. मुलीनं दोन ओळी लिहून द्यायच्या, 'माझ्याकडून अनवधानाने चूक झाली, माझी मातृभाषा मराठी आहे', की ते पत्र देणार. मी तिला बोलावून घेतलं आणि व्हरांड्यात उभं करून कागद पुढे ठेवला. तिनं तो वाचला. पेन उचललं नाही.

"चूक कंची, सर?"

"अगं, आगरी ही काय भाषा आहे?"

"तुमीच सांगितला ना, मातेची भाषा. माजी आय मराटी नाय बोलत."

"मग काय बोलते?"

"बाजारात ती बोलली का गिऱ्हाइकं हसतात. मराटी बोलली असती तर हसली असती का?"

वर्गात ती माझ्याशी नेहमी ण लावून, नीट बोलायची. त्या दिवशी मुद्दाम तसं बोलली नाही. मला ते कळलं आणि डोक्यात तिडीक गेली. मी तिला वाट्टेल ते बोललो. म्हणालो, एका शब्दासाठी आयुष्याचा सत्यानाश करून घेशील, मग बस मिठागरात फळी ओढत, तुझ्या पोरांना विचार मातृभाषा कुठली ते. ती मान खाली घालून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "लिवते. पन मंग आयला कं सांगू? का तुजी भाषा चूक हाय?" आणि कागद तसाच कठड्यावर ठेवून निघून गेली.

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. सरळ सांगतो, मी गेलो तो तिच्या आईला फितवायला. आई शहाणी असेल, दोन शब्दांत पोरीला ताळ्यावर आणेल, असा माझा हिशेब होता. आई अंगणात बसून उरलेली कोळंबी सोलत होती. मला बसायला पाट दिला. मी माझ्या स्वच्छ, धुतलेल्या मराठीत बोलायला लागलो : हे बघा, प्रश्न केवळ तांत्रिक आहे, संस्थेच्या नियमानुसार अर्जातील नोंदीत विसंगती राहून चालत नाही, आपण पालक या नात्यानं तिची समजूत घालावी.

आईनं हातातली कोळंबी खाली ठेवली आणि लेकीकडे वळून विचारलं, "मास्तर कं सांगतान गो?"

मुलगी सांगू लागली. माझं एकेक वाक्य ती आगरीत करत होती. तांत्रिक, विसंगती, समजूत, सगळं. चांगलं करत होती, मला सुधारायला एक शब्द सापडला नाही. मी पाटावर बसून माझ्याच बोलण्याचं भाषांतर ऐकत होतो आणि त्यातला शब्द न् शब्द मला कळत होता. कळत नाही असा चेहरा मी करून बसलो होतो. तो चेहरा करायला मला काहीच कष्ट पडत नव्हते, इतकी सवय झालेली. या बाईला माझं मराठी खरोखरच नीट कळत नव्हतं. म्हणजे पोरीनं फॉर्मवर लिहिलं होतं ते जसंच्या तसं खरं होतं. त्या सबंध अर्जात एवढा खरा दुसरा रकाना नसेल.

भाषांतर संपल्यावर आईनं हात पुसून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मास्तर, तुमी कनच्या गावचं?"

खोटं बोलायची सोय नव्हती. मी गावाचं नाव सांगितलं. तिथून दोन कोसांवर.

"कनाच्या घरचं?"

मी घर सांगितलं. ती माझ्या चुलतीला ओळखत होती. बाजारात दोघी शेजारी बसायच्या. ती चिडली नाही, हसलीही नाही. नुसतं म्हणाली, "मंग आमच्याशी असा परक्यावानी कनाला बोलता?"

मुलगी खाली बघत कोळंबी सोलू लागली; मला वाटतं, तिनं मुद्दाम माझ्याकडे पाहिलं नाही. उठताना मी म्हटलं, "सोमवारी सकाली तयार ऱ्हावा. मी येतो संगती." किती वर्षांनी ते शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडले. धड आलेही नाहीत, निम्मे शहरीच निघाले. आईनं नुसती मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मी हेडसरांना सांगितलं, मुलगी लिहून देणार नाही. ते म्हणाले, मग पत्रही मिळणार नाही. मी म्हटलं, नको. मी वर्गशिक्षक म्हणून माझ्या सहीचं पत्र देतो : अर्जातील नोंद बरोबर आहे, तिच्या आईची भाषा आगरी आहे, याची मी स्वतः ऐकून खात्री केली आहे, आणि मला ती कळते कारण ती माझीही आहे. शिक्षकांच्या खोलीत बसूनच लिहिलं, सगळ्यांसमोर. शेवटचं वाक्य मी वाचून दाखवलं. चित्रकलेच्या मास्तरांना या वेळी ठसका लागला नाही. हेडसर म्हणाले, "हे शिस्तीत बसत नाही." मी म्हटलं, "नसेल बसत." त्याबद्दल पुढे मला लेखी ताकीद मिळाली, ती मी जपून ठेवली आहे. माझ्या नोकरीत मिळालेला तो एकच कागद मला कुणाला दाखवावासा वाटतो.

सोमवारी आम्ही तिघं होडीनं खाडी ओलांडून ट्रॉम्ब्याला उतरलो आणि तिथून बसनं गेलो. आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, मुलीच्या हातात फॉर्मची पिशवी. कॉलेजच्या खिडकीपुढे रांग होती. मुंबईतली पोरं, इस्त्रीचे कपडे, बरोबर कोट घातलेले बाप. आमचा नंबर आला तेव्हा कारकुनानं अर्ज पाहिला, माझं पत्र पाहिलं आणि वैतागून म्हणाला, "मास्तर, पत्रं कसली आणता? एक शब्द खोडा, मराठी लिहा, खाली सही करा, विषय संपला. माझ्यामागे दीडशे अर्ज आहेत."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मी पुन्हा डगमगलो. विषय एवढ्यात संपणार होता. पोरीची जागा समोर होती, अर्ध्या हातावर. मी मुलीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. नाही.

"मग बाई, तुम्हीच सांगा," कारकून आईला म्हणाला. "तुम्ही कुठली भाषा बोलता?"

"बोलतंय ती बोलतंय," आई म्हणाली. "तिला नाव तुमी देतांव."

रांगेत हशा पिकला. एका कोटवाल्या बापानं 'बोलतंय ती बोलतंय' म्हणून हुबेहूब नक्कलही केली. आणि माझ्या आत इतकी वर्षं दाबून ठेवलेलं जे काही होतं ते उसळून वर आलं. मी वळलो आणि त्या व्हरांड्यात, आवाज चढवून, आगरीत म्हणालो, "हासतांव कनाला? कं बोलली ती समाजला ना तुमाला? मंग गप ऱ्हावा!"

धोतर-कोटातला मास्तर असं काही बोलेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. कारकुनाला मात्र त्यात मुद्दा सापडला. "पाहा! तुम्हीच म्हणताय समजलं. समजलं म्हणजे मराठीच झाली की!"

उत्तर मुलीनं दिलं, आणि स्वच्छ मराठीत, एकही अक्षर न घसरता दिलं. "मराठीच असेल तर मग हे सगळे हसले कशाला?"

कारकुनानं पेन्सिल खाली ठेवली. गलका ऐकून आतून प्रिन्सिपॉलसाहेब दारात येऊन उभे होते, ते कधी आले ते आम्हाला कळलं नव्हतं. उंच, वाकलेले, पांढऱ्या केसांचे. त्यांनी बोटानं आम्हा तिघांना आत बोलावलं.

आत त्यांनी अर्ज वाचला, मग माझं पत्र दोनदा वाचलं. आई खुर्चीवर बसायला तयार नव्हती, तिला त्यांनी आग्रह करून बसवलं. म्हणाले, "मला ही भाषा आहे की बोली, या वादात पडायचं नाही. विद्यापीठाला एक नाव लागतं. असं करू. मराठी लिही आणि कंसात आगरी लिही. चालेल?"

मुलीनं माझ्याकडे न बघता पेन घेतलं आणि लिहिलं. साहेबांनी कागद फिरवून पाहिला. तिनं आगरी तसंच ठेवलं होतं आणि पुढे कंसात मराठी लिहिलं होतं. आता हे चिडणार, संपलं, असं वाटलं. साहेबांनी त्या कंसावर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "इथे सगळे तास इंग्रजीत होतात. परकी भाषा. झेपेल का तुला?"

"मराठीही मला परकीच होती, सर," ती म्हणाली. "पहिलीत गेले तेव्हा मास्तर काय बोलतात ते दोन महिने कळत नव्हतं. मी घरी येऊन रडायचे. मग शिकले. आता ही शिकेन."

साहेबांनी टाक उचलला आणि सही केली. करता करता सहज म्हणाले, "मराठी फार चांगली बोलतेस. कुणी शिकवली?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. साहेबांनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. ते कौतुक घेऊन मला घरी जाता आलं असतं. पण तिची आई शेजारी बसली होती.

"मी शिकवली," मी म्हटलं. "हिची आई बोलते ती चूक, असं सांगून शिकवली."

साहेबांनी सहीवर टीपकागद दाबला, आणि मी हात पुढे केला होता तरी फॉर्म माझ्याकडे दिला नाही. उठून, टेबलाला वळसा घालून, तो तिच्या आईच्या हातात दिला.